चार भोकं, आठ भोकं

"तुमची भोकं चार आणि त्यांची आठ," बोजू म्हणाली. "ते मला दिसतंय. मी आंधळी नाही. मी विचारते, पाणी कधी चढणार?"

मी पंपाच्या तोंडाशी उकिडवा बसलो होतो. हातात मोजपट्टी होती आणि तोंडात शिव्या होत्या, पण समोर बाईमाणूस म्हणून गिळल्या.

पंपाच्या तोंडाला लोखंडाचा गोल पाटा असतो, त्याला आम्ही फ्लँज म्हणतो. पाइपाच्या टोकालाही तसाच असतो. दोन्ही पाटे तोंडाला तोंड लावून बसवायचे, भोकांतून बोल्ट घालायचे, आवळायचे, झाला सांधा. अर्ध्या तासाचं काम. पण पंप आमचा, म्हणजे भारताचा. त्याला चार भोकं. पाइप चीनचा. त्याला आठ. आणि त्या आठातलं एकही आमच्या चारातल्या एकासमोरही येत नव्हतं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. गावाचं नाव थुमडांडा. नेपाळच्या मधल्या डोंगरात, धारेवर बसलेली मगर नावाच्या जमातीची त्रेचाळीस घरं. पाणी खाली ओढ्यात. बायका पाठीवर घागर घेऊन उतरायच्या आणि भरून चढायच्या, एका खेपेला दोन तास. ओढ्याकाठी आमच्या सरकारने भेट दिलेला पंप होता आणि पंपापेक्षा उंच पाटी होती. वर धारेवर चीनने बांधलेली टाकी होती, टाकीवर त्यांची पाटी होती, आणि टाकीपासून खाली आमच्या पंपापर्यंत त्यांनी टाकलेला पाइप होता. वीज गावात आलेली. सगळं होतं. पंपाच्या आणि पाइपाच्या तोंडात दोन बोटांचं अंतर होतं, तेवढंच राहिलं होतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फिटर, रंगराव मेंगाणे. पुण्याच्या ज्या कंपनीने पंपाचा ठेका घेतला होता तिने मला पाठवलेलं. काम काय, तर पंप चालू करून द्यायचा आणि सही घेऊन परत यायचं.

बोजू म्हणजे आजी. तिचं नाव धनकुमारी, पण सगळं गाव बोजू म्हणायचं. पाणी समितीची ती अध्यक्ष. तिचा नवरा आमच्या फौजेत होता, गोरखा पलटणीत. त्याच्याबरोबर ती चार वर्षं देवळालीला राहिलेली. म्हणून हिंदी चांगली बोलायची, आणि मधेच एखादा मराठी शब्द असा फेकायची की मी दचकायचो.

"बोजू," मी म्हटलं, "दोन वेगवेगळ्या देशांकडे मागायचंच कशाला? एकाकडेच सगळं मागायचं."

"एकाकडे मागितलं तर त्याचे उपकार डोंगराएवढे होतात," ती म्हणाली. "आमच्याकडे घर बांधायचं असलं की एक शेजारी तुळई आणतो, दुसरा दगड आणतो. घर उभं राहतं. तुळईवाला म्हणत नाही, की दगड काढ, मग मी तुळई देतो. मला वाटलं, मोठे देश म्हणजे मोठे शेजारी." ती थुंकली. "काय रे बाबा, चुकलं का माझं?"

चूक तिची नव्हती. तिने आम्हाला शेजारी समजलं, एवढंच.

मी वर्तक साहेबांना फोन लावला. ते काठमांडूच्या ऑफिसात बसायचे.

"साहेब, भोकं जुळत नाहीत. मधे एक रिंग करून घातली की काम होतंय. दोन-चार दिवस लागतील."

"मेंगाणे, त्यांच्या पाइपाला हात लावायचा नाही."

"पण साहेब, पंप सगळा तयार आहे."

"पंप आपल्याच पाइपाला जोडायचा. आपला पाइप पुढच्या टप्प्यात येतोय."

"कधी?"

"फाइल हलली आहे."

"साहेब, फाइल हलून पाणी चढत नाही."

"शहाणपणा करू नका. तिथे पाणी चढलं तर ते कुणामुळे चढलं? पाटी कुणाची राहणार? तुम्हाला नाही कळायचं. सांगेपर्यंत थांबा."

मी थांबलो. तीन आठवडे. बोजूच्याच घरी ओसरीवर झोपायचो. तिची सून सुकमाया सातव्या महिन्यात होती. नवरा कतारला. रोज सकाळी ती पाठीला घागर बांधून उतरायची आणि मी, पाणी चढवायला आलेला मिस्त्री, तिने आणलेल्या पाण्याने तोंड धुवायचो. एक दिवस वाटेत पाय घसरून ती पडली. पोटाला लागलं नाही, कोपर फुटलं. दुसऱ्या दिवशी परत उतरली. मी म्हटलं, मी आणतो. बोजू म्हणाली, "तू पाहुणा आहेस. आणि आज आणशील, परवा जाशील. तू तुझं काम कर की."

तिथेच शिफू भेटला.

वरच्या टाकीजवळ चीनवाल्यांचा तंबू होता. त्यात पन्नाशीचा एक बुटका माणूस आणि काठमांडूचा एक दुभाषा. दुभाषा त्याला शिफू म्हणायचा, म्हणून मीही शिफू म्हणायला लागलो. शिफू म्हणजे त्यांच्याकडे उस्ताद, मिस्त्री. त्यालाही माझ्यासारखाच फोन यायचा. भारताच्या पंपाला हात लावायचा नाही, आपला पंप येतोय.

"कधी येतोय?" मी विचारलं.

दुभाष्याने विचारलं. शिफूने आभाळाकडे बघितलं आणि बोटांनी पक्षी उडाल्यासारखं केलं. मला हसू फुटलं. तोही हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते.

मग त्याने खाली बसून मातीत काडीने एक गोल काढला. त्यात आतल्या बाजूला चार ठिपके. बाहेरच्या बाजूला, थोडे सरकवून, आठ ठिपके. आणि माझ्याकडे बघितलं.

तीच रिंग. माझ्या डोक्यातली. एका बाजूने माझे चार बोल्ट, दुसऱ्या बाजूने त्याचे आठ. कुठल्याही देशात जा, फिटर तोच विचार करणार, कारण लोखंडाला दुसरा रस्ताच नसतो.

"प्लेट?" मी हाताने जाडी दाखवली. इंचभर तरी पाहिजे.

त्याने हात झटकले. त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

बोजू उभी राहून सगळं बघत होती. ती आम्हाला घराशी घेऊन आली आणि दारातल्या पायरीवर टाच आपटली. खण्ण वाजलं. इतके दिवस मी त्या पायरीवर पाय धूत होतो आणि ती लोखंडाची आहे हे मला, लोखंडात जन्म घालवलेल्या माणसाला, कळलं नव्हतं. पूर्वी ओढ्यावर झुलता पूल होता. पुरात गेला. त्याच्या खांबाच्या बुडाशी असलेली लोखंडी प्लेट बोजूच्या नवऱ्याने चार माणसं लावून वर आणली होती. चांगली सव्वा इंच जाडीची.

"ही घ्या," ती म्हणाली. "ही भारताची नाही, चीनचीही नाही. हिच्यावर कुणाची पाटी लागत नाही."

"साहेब?" मी स्वतःशीच म्हटलं.

"साहेब इथे राहतो का?" बोजू म्हणाली.

शिफूने दुभाष्याला विचारलं, ती काय म्हणाली. त्याने सांगितलं. शिफूने बाह्या वर केल्या.

चार दिवस लागले. ना लेथ, ना गॅस. माझी ड्रिल मशीन आणि त्याच्या कानशी. मधलं मोठं भोक पाडायला कडेकडेने बारीक भोकं पाडत गेलो, मग छिन्नीने गाभा उडवला, मग कानसत बसलो. तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. हाताला फोड आले. बोलणं काहीच नाही. मी "हूं" म्हणायचो, तो "हाव" म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ठीक. तो माझ्या मोजमापावर हात ठेवून परत मोजायचा. मी त्याच्या मोजमापावर. कुणाला राग नाही. माझा उस्ताद सांगायचा, परत मोजणाऱ्यावर चिडतो तो मिस्त्री नव्हे, हमाल.

त्याच उस्तादाने मला चौदाव्या वर्षी एका पान्ह्यावरून मारलेलं. शेजारच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचा पान्हा आमच्या टेबलावर राहिला आणि मी तो आमच्यात ठेवून दिला. उस्तादाने माझी मान धरून मला तिकडे नेलं, सगळ्यांसमोर पान्हा परत द्यायला लावला. "मिस्त्रीचं हत्यार म्हणजे त्याचा हात," म्हणाला. "लोकांचे हात घरी ठेवतोस काय?" तेव्हापासून माझ्या हत्यारांना तांबडा रंग आणि दुसऱ्याच्या हत्याराला मी चोरासारखा घाबरून असतो.

शिफूही त्याच जातीचा. त्याच्या हत्यारांना निळी पट्टी. दुसऱ्या दिवशी माझी अर्धगोल कानस चुकून त्याच्या पिशवीत गेली. मी शोधलीही नव्हती. तो तंबूतून ओढ्यापर्यंत पाऊण तास उतरून आला, दोन्ही हातांवर कानस ठेवून मला दिली आणि मान झुकवली. मग परत पाऊण तास चढून गेला. बोजू म्हणाली, "हा माणूस वेडा आहे." मी म्हटलं, "नाही बोजू. हा मिस्त्री आहे."

पाचव्या दिवशी सकाळी रिंग बसली. बारा स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, आणि बारा नट. एकही भोक घासावं लागलं नाही. मी स्टार्टर दाबला. पाइप थरथरला, चिडल्यासारखा गुरगुरला, आणि थोड्या वेळाने वरून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. मी सांध्याला हात लावून बसलो होतो. कोरडा. घामाएवढंही ओलं नाही. शिफूने त्याचा तळवा माझ्या हाताशेजारी सांध्यावर ठेवला, उचलून तोही कोरडा बघितला, आणि त्या बिनदाताच्या तोंडाने एवढा हसला की मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

अकरा दिवस पाणी आलं. बोजूने पाळ्या लावल्या. प्रत्येक घराला चार घागरी, बाळंतीण किंवा आजारी असेल तिथे सहा. सुकमायाने घागर खुंटीला टांगली. तिचे पाय सुजलेले असायचे, ती दारात बसून ते पाण्यात बुडवायची आणि मला दादा मानून विचारायची, "दाइ, हे पाणी चीनचं की भारताचं?" मी म्हणायचो, "ओढ्याचं आहे गं." सगळ्या बायका हसायच्या.

बाराव्या दिवशी दोन जीपगाड्या आल्या.

गावातल्या कुणी तरी फोनवर फोटो टाकला होता. पाण्याच्या धारेखाली मी आणि शिफू, एकमेकांच्या खांद्यावर हात. तो फोटो काठमांडूला गेला, तिथून कुठे कुठे गेला. कुठल्या तरी पेपरने खाली लिहिलं, की एका देशाने चार वर्षं अडवलेलं पाणी दुसऱ्या देशाने आणलं. दुसऱ्या पेपरने हेच उलटं लिहिलं.

वर्तक साहेब उतरले तेच ओरडत. "मेंगाणे, कुणाच्या परवानगीने?"

"बोजूच्या," मी म्हटलं.

"कोण बोजू?"

"मी," बोजू म्हणाली. "बसा. चहा घ्या."

दुसऱ्या जीपमधून चीनचा साहेब उतरला. गोरापान, चष्मेवाला. मला वाटलं आता यांची जुंपणार. कसलं काय. दोघांनी हात मिळवला, एकमेकांना कार्डं दिली, बोजूच्या अंगणात शेजारी शेजारी बसून चहा प्याले. इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा. चहा आमच्या सांध्यातून चढलेल्या पाण्याचा. वर्तक साहेबांनी दुसरा कपसुद्धा घेतला.

चहा संपेपर्यंत दोघांचं ठरलं होतं. सांधा खोलायचा. पंप पंपाच्या जागी, पाइप पाइपाच्या जागी. दोन्हीकडे झाकण लावून बंद करायचं. ज्याचा उरलेला माल आधी येईल त्याने सुरू करायचं.

"आणि तोपर्यंत?" बोजूने विचारलं.

"आजी, थोडा धीर धरा," वर्तक साहेब हिंदीत म्हणाले. "आम्ही तुमच्यासाठीच करतोय."

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. कागद तयार होता. लिहिलं होतं, की सांधा असुरक्षित आहे, दाब पडल्यावर गळतो, फुटून माणसं जखमी होऊ शकतात.

"साहेब, एक थेंब गळत नाही. हात लावून बघा."

"हात कशाला लावू? कागदावर गळायला पाहिजे. तुम्ही परवानगीशिवाय दुसऱ्या देशाच्या मालमत्तेला हात लावलाय. हा कागद नसेल तर तुमच्यावर काय येईल ते मी थांबवू शकणार नाही. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

मी सही केली. तीस वर्षांत मी केलेला सगळ्यात चांगला सांधा, आणि तो गळतो म्हणून मी लिहून दिलं. शिफूनेही त्याच्या साहेबाच्या कागदावर सही केली. त्याच्या कागदात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

खोलायला वीस मिनिटं लागली. मी माझ्या बाजूने, तो त्याच्या बाजूने. बघितलं नाही एकमेकांकडे. माझ्या झाकणाला साधे बोल्ट, वर शिशाचं सील. चीनवाल्यांनी मात्र त्यांच्या झाकणाला वेगळे बोल्ट आणलेले. तीनकोनी डोक्याचे, खोलगट वाटीत बसणारे. साधा पान्हा लागत नाही, छिन्नीचं टोक पोचत नाही. त्याचा एकच त्रिकोणी पान्हा असतो, तो मिस्त्रीजवळ.

बोजू शेजारी येऊन उभी राहिली. "तुझे बोल्ट कशाने खुलतात?"

"चोवीस नंबरचा पान्हा. कुठल्याही ट्रकवाल्याकडे असतो."

"आणि त्याचे?"

"ते त्याच्या हातातल्या पान्ह्यानेच."

"बरं," ती म्हणाली. "माझी पायरी दे परत. आणि तिच्यात जे काय आहे ते पण माझं."

बारा स्टड, बारा नट मी तिच्या पदरात टाकले. म्हातारी हट्टाला पेटलीय, असं मला वाटलं. वर्तक साहेब म्हणाले, "द्या द्या, भंगार आहे." रिंग मी खांद्यावर मारून वर आणली आणि दारात तिच्या जागी ठेवली. तेरा भोकांची पायरी. सुकमायाने खुंटीवरची घागर काढली, पाठीला पट्टा लावला आणि माझ्या बाजूने न बघता वाट उतरायला लागली.

शिफू निरोप घ्यायला आला. बोजूपुढे वाकला. पायरीपाशी बसून बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग माझ्याकडे आला, माझा फोड आलेला हात हातात घेतला, दाबला, आणि त्याच्या जीपकडे निघून गेला.

मी माझी हत्यारं मोजून पिशवीत भरली. तांबडा रंग, तांबडा रंग, तांबडा रंग. वर्तक साहेब हॉर्न वाजवत होते. उठताना माझी नजर पायरीवर गेली. पायरीच्या आतल्या कडेला, जरा दाराच्या आडोशाला, त्रिकोणी पान्हा पडला होता. निळी पट्टी.

शिफूची जीप सुरू झाली होती.

मी विचार केलाच नाही. पान्हा उचलला आणि पळत सुटलो. बोजू काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही. दगडांवरून उड्या मारत, हात वर करून ओरडत, "शिफू! ए शिफू!" वळणावर जीप थांबली. चीनच्या साहेबाने काच खाली केली. मी धापा टाकत, दोन्ही हातांवर पान्हा ठेवून पुढे केला. मान झुकवली. त्याने माझी कानस दिली होती अगदी तशी.

शिफूने पान्ह्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं मी काय सांगू. रागही नव्हता तिच्यात. साहेब हसून काहीतरी बोलला, दुभाषा म्हणाला, "थँक्यू म्हणतायत, हा पान्हा राहिला असता तर मोठी पंचाईत होती." शिफूने हात लांब केला, पान्हा घेतला, सीटखाली ठेवला. जीप गेली.

मी तिथेच उभा राहिलो. नाडी बांधायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. आणि पाऊण तास उतरून दुसऱ्याची कानस परत देणारा माणूस स्वतःचा पान्हा विसरत नाही. हे मला जीपची धूळ खाली बसल्यावर कळलं.

मागे वळलो. बोजू पायरीवर उभी होती. पदरात अजून ते बारा स्टड, बारा नट. तिने सगळं बघितलं होतं. मी पायरीखाली येऊन थांबलो.

"परत दे म्हणून तुझ्या साहेबाने सांगितलं असेल," ती म्हणाली.

तेवढी तरी सोय तिने माझी ठेवली होती. मी मान हलवून हो म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो.

तिने पदराला गाठ मारली. म्हणाली, "जा बाबा." मराठीत म्हणाली.

जीपमध्ये बसलो. घाटात वर्तक साहेबांनी पाण्याची बाटली उघडली, अर्धी प्याले, उरलेली माझ्यापुढे धरली.

"मघाशी तुम्ही त्यांचा पान्हा परत नेऊन दिलात ना," म्हणाले, "तो त्यांचा साहेब माझ्याजवळ तुमची तारीफ करत होता, फोनवर आत्ता. मलाही आवडलं. काही म्हणा मेंगाणे, माणूस प्रामाणिक आहात."

खाली, ओढ्याची वाट रस्त्याला मिळते तिथे, सुकमाया दिसली. घागर भरून चढत होती. जीप जाऊ द्यायला ती डोंगराला टेकून उभी राहिली.